चौथ्या बोटाचं माप

"...आणि पियानोतल्या हातोडीचा दांडा वाकला असेल, तर तो सरळ कशाने करता?"

"दिव्याने."

"दिव्याने?"

"स्पिरिटचा लहान दिवा असतो ना, त्याने. लाकूड तापलं की ऐकतं."

ऋजुता सबनीसने ते वहीत लिहिलं. क्षणभर पाहिलं. मग खोडलं.

समोर पास्कू तुस्कानो बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. वसईच्या किनाऱ्यालगतच्या एका वाडीत, केळीच्या बागेमागे त्यांचं बैठं घर होतं. पन्नास वर्षं ते पियानो दुरुस्त करत आले होते. मुंबईपासून देवळालीपर्यंत जिथे जिथे जुना पियानो होता, तिथे त्यांना सगळे 'मास्तर' म्हणत.

ऋजुता एकतीस वर्षांची, पुण्याची. जर्मनीत तीन वर्षं राहून हेच काम रीतसर शिकून आली होती.

इथे ती शिकायला आली नव्हती. बघायला आली होती.

महिन्यापूर्वी वांद्र्याच्या एका वयस्क बाईंचा पियानो तिने चार दिवस खपून लावून दिला होता. बाईंनी दोन मिनिटं वाजवला, झाकण लावलं आणि गोड हसून म्हणाल्या, "छान केलंस गं. पण मास्तर करायचे तसा नाही झाला."

ते वाक्य घेऊनच ती इथे आली होती.

"माझी हत्यारं बघता?" तिने विचारलं.

"दाखव की."

तिने पेटी उघडली. आत करड्या रंगाच्या मऊ फोममध्ये प्रत्येक हत्याराला स्वतःची खाच होती. स्क्रू फिरवायची, तारा वाकवायची, पट्ट्या सैल करायची. सगळी ओळीने झोपलेली.

"अडतीस आहेत," ती म्हणाली.

मास्तरांनी खिशातून चष्मा काढला. एकेक हत्यार उचललं, उजेडात धरलं, परत त्याच्या जागी ठेवलं. एका मुठीचा त्यांनी वाससुद्धा घेतला.

"काय देखणं काम आहे! हे लाकूड कसलं?"

"पेअरचं, म्हणजे नाशपतीचं."

"अजून वास येतोय बघ."

हे अगदी मनापासून होतं. ऋजुताला वाटलं होतं, म्हातारा नाक मुरडेल. तेवढीच तयारी करून ती आली होती.

"तुमची बघू?"

मास्तरांनी शिडाच्या जुन्या कापडाची एक गुंडाळी आणली आणि जमिनीवर उलगडली.

सायकलच्या ब्रेकची सळई, टोकाशी वाकवलेली. झिजून पात्यासारखा झालेला स्क्रू ड्रायव्हर. स्वेटर विणायची सुई, पेरूच्या लाकडाच्या मुठीत ठोकून बसवलेली. दातांच्या डॉक्टरकडची एक आकडी. करवतीच्या पात्याचा तुकडा, एका बाजूला चिंधी गुंडाळलेला...

ऋजुताने मोजली. अकरा.

"एवढीच?"

"एवढ्याच वेळा अडलो."

ती हसली. मास्तरही हसले. दोघं वेगवेगळ्या गोष्टीला हसले असावेत.

"उद्या रेमेदी टीचरकडे जायचंय," मास्तर म्हणाले. "येतेस?"

"येते. पण पियानो मी करीन. तुम्ही नुसतं बघा."

"बघतो की."

*

रेमेदी लोपीस यांचं घर चर्चच्या पलीकडे, दोन विहिरी ओलांडल्या की लागायचं. वाडीतल्या तीन पिढ्यांची बोटं त्यांच्या हाताखालून गेली होती. लग्न केलं नव्हतं. वडिलांनी घेऊन दिलेला काळा उभा पियानो आणि त्यावर बसवलेली मुलं, यातच सत्तर वर्षं सरली.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परत आलं. काठीच्या आधाराने चालणंही आलं. उजवा हात मात्र अर्धाच परत आला.

तेव्हापासून पियानोचं झाकण बंद होतं. आठवड्यापूर्वी त्यांनी मास्तरांना निरोप धाडला होता, एकदा येऊन बघा.

"ही कोण?" टीचरनी दारातच विचारलं.

"ऋजुता. परदेशात शिकून आलीय. माझ्यापेक्षा जास्त शिकलीय."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"वाट दाखवायला."

"बसा मग. वाल सोलायचेत."

ऋजुताने पियानोची पुढची फळी उतरवली. आत अठ्ठ्याऐंशी हातोड्या, अठ्ठ्याऐंशी तारांचे जुडगे, आणि त्यांच्यामध्ये लाकूड, फेल्ट आणि स्प्रिंगांची दाटी. पट्टी दाबल्यापासून हातोडी तारेवर जाईपर्यंतचा सगळा प्रवास त्या दाटीतून होतो. तो प्रवास प्रत्येक पट्टीला सारखा करायचा, हे काम.

दोन दिवस ती वाकून बसली.

तिच्याजवळ पितळेची बारीक वजनं होती. बावन्न ग्रॅम ठेवले की पट्टी आपोआप खाली गेली पाहिजे. एक्कावन्नला जाता कामा नये, त्रेपन्न लागता कामा नयेत. हातोडी तारेपासून तीन मिलिमीटरवर सुटली पाहिजे. पट्टी दहा मिलिमीटर दबली पाहिजे.

ओसरीवर मास्तर आणि टीचर वाल सोलत होते.

"मास्तर, दाणे इकडे. सालं तिकडे."

"दोन्ही सारखंच दिसतं मला."

"मग पियानोचे स्क्रू कसे दिसतात?"

"ते दिसत नाहीत. लागतात."

टीचर उजव्या हातानेही सोलायचा प्रयत्न करत होत्या. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. एक शेंग सोलायला त्यांना मास्तरांच्या दहा शेंगांइतका वेळ लागे. मास्तर मग आपल्या शेंगा सावकाश सोलत. टीचरना ते कळत होतं. त्या काही म्हणत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ऋजुता उठली. पाठ सरळ केली.

"झालं."

मास्तर आत आले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी एकेक पट्टी दाबली. वाजवायचं त्यांना येत नव्हतं, नुसतं दाबायचं येत होतं. शेवटच्या पट्टीशी ते थांबले.

"माझ्याच्याने इतकं एकसारखं कधी झालं नाही," ते म्हणाले.

ऋजुताच्या चेहऱ्यावर रक्त चढलं. वांद्र्याच्या बाई आत्ता इथे हव्या होत्या, असं तिला वाटलं.

"टीचर, या."

टीचर काठी टेकत आल्या. स्टुलावर बसल्या. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी पट्ट्यांवर ठेवला. झोपलेलं मूल गादीवर ठेवावं, तसा.

"काय वाजवू?"

"तुम्हाला आवडेल ते," ऋजुता म्हणाली.

"पहिला धडा वाजवते. पाच बोटं, पाच पट्ट्या. सगळ्या पोरांना हाच शिकवला."

अंगठा. आवाज आला.

दुसरं बोट. आला, बारीकसा.

तिसरं... पट्टी खाली गेली, पण हातोडी अर्ध्यातून परत आली.

चौथं. पट्टी थोडी हलली. तिथेच थांबली. टीचरच्या मनगटाची शीर ताठ झाली. पट्टी हलेना.

पाचव्यापर्यंत त्या गेल्याच नाहीत.

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला.

"पियानो फार छान झालाय गं बाय," त्या म्हणाल्या. "माझंच सामान जुनं झालं."

आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. वाल भिजत घालायचे होते.

ऋजुता उभीच राहिली.

"माप बरोबर आहे, मास्तर."

"आहे."

"एकाही पट्टीत चूक नाही."

"नाही."

"मग?"



ती पुन्हा वजनं काढायला वाकली. चौथ्या बोटाच्या पट्टीवर बावन्न ग्रॅम ठेवले. पट्टी शहाण्यासारखी खाली गेली.

"बघा!" ती म्हणाली. तिच्या आवाजात आता राग होता, आणि रागाखाली रडू होतं.

मास्तरांनी वजन उचलून पेटीत ठेवलं.

"टीचर," त्यांनी हाक मारली, "जरा बाहेर या. हात पुसून या."

टीचर आल्या.

"बस," मास्तर ऋजुताला म्हणाले. "हात पुढे कर. तळवा वर."

तिने केला.

"टीचर, पहिला धडा वाजवा. हिच्या हातावर."

टीचर हसल्या. "हे काय मास्तर, पोरखेळ..."

"वाजवा."

टीचरनी आपली पाच बोटं त्या तळव्यावर ठेवली. हात गार होता, वालाच्या पाण्याने ओला होता.

अंगठ्याने दाबलं. दुसऱ्याने. तिसऱ्याने.

मग चौथं. ऋजुताला आधी वाटलं, अजून दाबलंच नाही. मग कळलं, दाबत आहेत. सगळा जीव एकवटून दाबत आहेत. चेहरा लाल झालाय. आणि तळव्यावर जे येतंय ते एखादी माशी बसावी, तेवढं.

"पुन्हा," ऋजुता म्हणाली.

टीचरनी पुन्हा वाजवलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले. चौथं बोट एकदम खाली येत नव्हतं. आधी थरथरायचं, मग थांबायचं, मग जोर यायचा. सुरुवातीलाच अडवलं की विझायचं. थोडं चालू दिलं, तर शेवटी शेवटी त्याच्यात दम होता.

तिने डोळे उघडले.

"सुरुवात जड होतेय त्यांना," ती हळूच म्हणाली. "शेवट नाही."

मास्तरांनी ओसरीवर जाऊन सालं भरायला घेतली.

*

सुरुवात का जड होते, हे ऋजुताला शिकवायची गरज नव्हती.

तार वाजत नसते तेव्हा तिच्यावर फेल्टची एक गादी दाबून बसलेली असते. पट्टी निम्मी खाली गेली, की आतला एक बारीकसा चमचा त्या गादीला मागे ढकलतो. तिथे बोटाला पहिला अडथळा लागतो. चमचा किंचित मागे वाकवला, तर अडथळा उशिरा येतो. तोवर बोटाला वेग आलेला असतो.

वाकवायचं फक्त केसभर. पण प्रत्येक बोटाला वेगळं. आणि ते पियानोच्या आतच करायला हवं, कारण मोजायचं टीचरच्या बोटाने होतं.

तिने पेटीतलं लांब हत्यार काढलं. चमचे वाकवायचं. खालच्या फटीतून आत घातलं.

गेलं नाही.

तिरकं करून घातलं. टोक लाकडाला अडलं. या जुन्या पियानोची फट अरुंद होती. हत्याराचं टोक जाड होतं.

जोर लावला असता तर काहीतरी मोडलं असतं. तिने जोर लावला नाही. निदान ते तिला कळलं.

"मास्तर, तुमची ती सायकलची सळई द्याल?"

त्यांनी लगेच दिली.

सळई फटीतून सहज गेली. पण आत गेल्यावर तिचं टोक उलट्या बाजूला वळत होतं. ऋजुताने मनगट फिरवलं, कोपर वर घेतलं, गुडघ्यावर बसून पाहिलं. चमच्याला टोक लागलं की सळई हातातून निसटायची.

"नाही जमत."

"कसं जमेल?" मास्तर म्हणाले. त्यांनी सळई घेतली. डाव्या हातात.

तिने आत्ता पाहिलं. मास्तर डावखुरे होते. दोन दिवस समोर बसून वाल सोलत होते, आणि तिने पाहिलं नव्हतं.

"मग तुम्हीच वाकवा ना," ती म्हणाली.

"मी वाकवीन," मास्तर म्हणाले. "पण त्यांचं बोट तुझ्या तळव्यावर पडलंय. माझ्या नाही."

ऋजुता आपल्या हत्याराकडे बघत राहिली.

"हे घासावं लागेल," ती म्हणाली.

"लागेल."

"हे नाही घासणार मी."

मास्तरांनी विचारलं नाही. तिनेच सांगितलं.

"हे विकत घेतलेलं नाही. बाकीची सदतीस घेतलेली आहेत. हे माझ्या सरांनी केलंय. लिंडनर सरांनी, तिकडे. परीक्षा झाली त्या दिवशी स्वतःच्या हाताने दिलं. गेल्या डिसेंबरमध्ये ते गेले. मला जाताही आलं नाही..."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

"मी ते अजून वापरलेलंच नाही," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा काढलं."



"बघू?" मास्तरांनी हात पुढे केला.

त्यांनी हत्यार खिडकीपाशी नेलं. मुठीवरून बोट फिरवलं, दांड्यावरून फिरवलं, टोकाशी आल्यावर थांबवलं. खिशातली किल्ली काढून टोकावर हलकेच ओरखडली. मग दांड्यावर ओरखडली. पुन्हा टोकावर.

"चांगला माणूस होता," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"घरी चल. कानस देतो. घासायचं की नाही, तिथे ठरव."

*

मास्तरांच्या घरामागे, पेरूच्या झाडाखाली एक टेबल होतं. त्याला लोखंडी पकड बसवलेली होती.

ऋजुताने हत्याराचा दांडा चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून पकडीत आवळला. कानस हातात घेतली. खाली ठेवली. पुन्हा घेतली.

मास्तर आतून तांब्या घेऊन आले. तिच्याकडे न बघता झाडांना पाणी घालू लागले.

तिने पहिला हात मारला.

तिला वाटलं होतं, कानस घसरेल. चांगलं हत्यार पोलादाचं असतं, पाणी देऊन कडक केलेलं असतं. त्यावर कानस नुसती किंचाळते.

कानस घसरली नाही. लागली. मऊ, गुळगुळीत लागली. चांदीसारखा बारीक भुगा टेबलावर पडला.

तिने दुसरा हात मारला. तिसरा.

"मास्तर... हे मऊ आहे!"

"टोक मऊ आहे. दांडा नाही."

तिने दांड्यावर कानस टेकवून पाहिली. खरंच, तिथे ती घसरली.

"पण असं कसं? ते तर कधी पाणी द्यायला विसरायचे नाहीत. आमच्या हातून राहिलं तर ओरडायचे."

मास्तर पाणी घालत राहिले.

ऋजुताचा हात थांबला होता. तिला परीक्षेचा दिवस आठवला. लिंडनर सरांनी कागदात गुंडाळलेलं हे हत्यार तिच्या हातात ठेवलं होतं आणि म्हणाले होते, "हे अजून पूर्ण झालेलं नाही." तिला वाटलं होतं, म्हातारा माणूस, नम्रपणाने बोलतोय. तिने "नाही नाही, सुंदर आहे" असं म्हटलं होतं. सर नुसते हसले होते. टोक त्यांनी तिच्या हातासाठी मऊ सोडलं होतं.

ती तिथेच, हातात कानस घेऊन रडली. आवाज न करता.

मास्तरांनी तांब्यात उरलेलं पाणी तिच्यापुढे धरलं.

"तोंड धू. डोळ्यांत भुगा जाईल."

तिने तोंड धुतलं आणि कामाला लागली.

टोक निम्मं झालं. फटीचं माप तिने कागदावर घेतलं होतं, त्यात ते बसवून पाहिलं. मग मास्तरांनी ब्लो लँप पेटवून दिला. टोक लाल झाल्यावर तिने ते पकडीत धरून वाकवलं. किती वाकवू, असं तिने विचारलं नाही. डोळे मिटून उजवं मनगट हवेत फिरवलं. जिथे ते आपोआप थांबलं, तेवढं वाकवलं.

टोक कडक करायला तेलात बुडवताना अंगठा भाजला.

"आई गं!"

मास्तर धावले. त्यांनी तिचा अंगठा पाण्यात बुडवून धरला, कोरफड चिरून लावली, वर फुंकर घातली.

"पहिलं हत्यार करताना माझाही असाच भाजला होता," ते म्हणाले. त्यांना फार आनंद झालेला दिसत होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पियानोपाशी बसली.

आज वजनं नव्हती. टीचर बोट ऋजुताच्या तळव्यावर दाबत, मग पट्टीवर दाबत. ऋजुता खाली वाकून हत्यार फटीत घाली. न बघता टोकाने चमचा शोधे. केसभर वाकवी.

"आता?"

"किंचित बरं."

"पुन्हा तळव्यावर द्या."

तळवा. पट्टी. तळवा. पट्टी.

तिसरं बोट दहा वाजता वाजलं. अचानक, मोठ्याने. तिघंही दचकली.

पाचवं त्यामानाने लवकर झालं.

चौथं होईना.

चमचा वाकवला. गादीची स्प्रिंग थोडी सैल केली. पट्टीखाली कागदाच्या बारीक चकत्या घातल्या, म्हणजे तिला कमी अंतर जावं लागेल. एक घातली, दोन घातल्या. पुस्तकात जे कधीही करू नये म्हणून सांगितलं होतं, ते सगळं ऋजुता करत होती.

"राहू दे गं बाय," टीचर म्हणाल्या. "चार बोटं झाली. पुष्कळ झालं."

"द्या तळव्यावर," ऋजुता म्हणाली.

"दमलीस तू."

"द्या टीचर."

टीचरनी बोट ठेवलं. दाबलं. थरथर... थांबणं... आणि मग तो जोर. आज तो कालच्यापेक्षा जरा लवकर आला. तिने तळवा न हलवता दुसऱ्या हाताने हत्यार फटीत सरकवलं. तळव्यावर जोर सुरू झाला, त्या क्षणी मनगट फिरवलं. एवढंसं.

"आता पट्टीवर."

टीचरनी बोट पट्टीवर नेलं.

थरथरलं. थांबलं.

मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते.

आवाज आला.

लहान होता. पण गोल होता, आणि खोलीत बराच वेळ राहिला.



मग टीचरनी पहिला धडा वाजवला. पाच पट्ट्या चढून, पाच उतरून. चौथं बोट प्रत्येक वेळी जरा मागून येत होतं, लंगडत येणाऱ्या पोरासारखं. बाकीची त्याच्यासाठी थांबत होती.

"हे माझं पहिल्यापासूनच आळशी," टीचर म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "पोरांना मी सांगायची, चौथ्याला रागवू नका, त्याला जास्त वेळ द्या."

त्यांनी पुन्हा वाजवला. पुन्हा. वीस वेळा तरी वाजवला असेल. मध्येच डाव्या हाताने साथ धरली आणि स्वतःशीच हसल्या. मास्तर दारापाशी टेकून, डोळे मिटून ऐकत होते. पन्नास वर्षं ते पट्ट्या दाबत आले होते. कुणी वाजवत असताना ते सहसा निघून गेलेले असत.

शेवटी टीचर उठल्या.

"बसा दोघं. चहा करते."

"मी करते," ऋजुता उठू लागली. मास्तरांनी डोळ्यांनीच तिला बसवलं.

वेळ लागला. आत कपबशा वाजल्या, काहीतरी पडलं, टीचर कुणालातरी रागावल्या, बहुधा स्वतःच्या हाताला.

तोवर ऋजुता आवराआवर करत होती. एक काम उरलं होतं. पियानो लावणारे कारागीर डावीकडची पहिली पट्टी बाहेर काढतात आणि तिच्या लाकडी कुशीवर पेन्सिलीने लिहून ठेवतात. तारीख, मापं, काय केलं ते. पुढे येणाऱ्याला कळावं म्हणून.

तिने पहिली पट्टी उपसली. कानामागची पेन्सिल काढली. आणि थांबली.

"मास्तर."

"हं."

"काय लिहू? यातलं एकही माप बरोबर नाही. पुढे कुणी येईल, तपासेल, म्हणेल, कुणीतरी बिघडवून ठेवलाय. आणि दोन दिवसांत सगळं नीट करून टाकेल."

"करेल," मास्तर म्हणाले.

"मग? किती चमचे वाकवले, किती चकत्या घातल्या, सगळं लिहू?"

"मावणार नाही."

स्वयंपाकघराच्या दारात टीचर आल्या. डाव्या हातात ट्रे होता. उजवा हात ट्रेच्या कडेला नुसता टेकलेला होता, चार बोटं वर, एक खाली. कप बशांमध्ये किणकिणत होते. निम्मा चहा ट्रेमध्ये सांडला होता. त्या सावकाश, एकेक पाऊल टाकत येत होत्या, आणि दोघंही न उठता, श्वास धरून, त्या हाताकडे बघत होते.

ट्रे टेबलावर पोचला.

मास्तरांनी आपला कप उचलला. खालून पुसला. एक घोट घेतला.

"लिही," ते म्हणाले, "पट्टीला हात लावण्याआधी टीचरकडे चहा घ्यावा."